बिनब्रेकची गाडी आणि डावीकडचं वळण: स्पीडवेबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बोटीवर फिटर होतो. एकदा पोलंडमध्ये ग्दान्स्क बंदरात पंपाचा एक पार्ट येईपर्यंत आमची बोट अडकून पडली, आणि तिथला यार्डातला एक वेल्डर एका रविवारी मला ओढून स्टेडियमवर घेऊन गेला, म्हणाला चल झूझेल बघ. झूझेल म्हणजे काय (तिकडे स्पीडवेला तेच म्हणतात) ते मला माहीत नव्हतं, मला वाटलं खायची काहीतरी वस्तू असेल. परत आलो तेव्हा केसात, कानात, शर्टाच्या खिशात लाल-काळी माती, आणि डोक्यात दुसरं काहीच नाही.

आता मी घरी असतो, रत्नागिरीच्या जवळ, गाव खाडीच्या कडेला. पुतण्या आणि त्याची चिरेखाणीवरची पोरं माझ्या मोबाईलवर रेस बघतात आणि तेच तेच विचारतात. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढलं.

स्पीडवे म्हणजे नक्की काय?

मोटरसायकलची रेस. चार जण, चार राउंड, मातीचा लंबगोल ट्रॅक, सगळं डावीकडे वळत म्हणजे घड्याळाच्या उलट. ट्रॅक साधारण २६० ते ४२५ मीटरचा असतो आणि एक रेस मिनिटभरात संपते. संपली की पुढची, मग पुढची, एका संध्याकाळी पंधरा-वीस रेसा. आपल्याकडे लोक बाइक रेस म्हटलं की डांबरावरचं गुडघा घासत जाणं डोळ्यासमोर आणतात किंवा मोटोक्रॉसच्या उड्या, हे दोन्ही नाही. इथे उडी नाही, चढ नाही, उतार नाही, सपाट माती आणि दोन वळणं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, मलाही वाटलं होतं, पहिली रेस सुटेपर्यंत.

काका, ब्रेक नाहीत हे खरं आहे का?

खरं आहे. पुढे नाही, मागे नाही. गिअरही एकच. क्लच आहे, पण तो मुख्यतः सुटताना लागतो.

यावर प्रत्येक जण म्हणतो येडे आहेत काय हे लोक. उलट विचार कर. चार जण एका वळणात घुसलेत, एकाचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकापासून वीतभर लांब, आणि पुढच्याने घाबरून ब्रेक मारला तर मागचे तिघं कुठे जाणार? आपल्या घाटात नाही का होत, पुढचा ट्रकवाला अचानक ब्रेक मारतो आणि मागे तीन गाड्या एकमेकांत. इथे सगळ्यांना ठाऊक असतं की पुढचा थांबू शकत नाही, त्यामुळे तो काय करेल याचा अंदाज बांधता येतो. वेग कमी करायचा असेल तर थ्रॉटल कमी करायचा आणि गाडी जास्त आडवी टाकायची, माती स्वतःच ओढून धरते. रेस संपल्यावर थ्रॉटल बंद करून आरामात घरंगळत येतात.

मग ब्रेक नसताना वळतात कसे?

हाच सगळा खेळ आहे म्हणून जरा लांबवतो.

आमच्या गावात चिरेखाणीकडे जाणारा रस्ता आहे, जांभ्याचा, वरती सगळी बारीक लाल बजरी. तिथल्या शेवटच्या वळणावर गावातला प्रत्येक माणूस एकदा तरी आपटलाय, मी दोनदा, एकदा तर मागे दुधाचा कॅन होता. आपण आपटतो कसे ते आठवा. वळणात मागचं चाक जरा सरकतं, आपल्या पोटात गोळा येतो, आपण झटकन थ्रॉटल सोडतो आणि ब्रेक दाबतो, चाक लॉक होतं, गाडी खाली. म्हणजे चाक सरकलं म्हणून पडत नाही आपण, सरकल्यावर जे करतो त्याने पडतो.

स्पीडवेवाला मागचं चाक मुद्दाम सरकवतो. वळण सुरू व्हायच्या आधीच गाडी डावीकडे झुकवतो, थ्रॉटल देतो, मागचं चाक मातीत फिरून बाहेरच्या बाजूला जातं, आणि पुढचं चाक तो उजवीकडे वळवून धरतो. हो, डावीकडे जायचंय आणि हँडल उजवीकडे. यातून जी तिरकी घसरण होते तिच्यावर बसून तो अख्खं वळण काढतो, आणि त्या घसरणीत गाडी कुठे जाणार ते हँडलपेक्षा उजव्या हाताचं मनगट जास्त ठरवतं. थोडा जास्त थ्रॉटल दिला की मागचं चाक आणखी बाहेर, थोडा कमी केला की गाडी सरळ व्हायला लागते. आणि घाबरून एकदम सोडला तर चाक अचानक माती पकडतं, गाडी झटक्यात उभी होते आणि रायडरला उचलून पलीकडे फेकते. त्यामुळे नवशिक्याला सगळ्यात अवघड जातं ते वेगाने जाणं नाही, भीती वाटली तरी थ्रॉटल न सोडणं.

पुतण्या हे वाचून म्हणाला मग मी खाणीच्या वळणावर ट्राय करतो. खाली बीचचा प्रश्न आहे तो आधी वाच रे.

गाडी कुठली असते? आपली बुलेट चालेल का?

नाही चालणार. ५०० सीसीचं एक सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन असतं, म्हणजे आकड्यात बुलेटची चुलत बहीण वाटेल, पण गाडीचं कमीत कमी वजन ७७ किलो. आपली स्प्लेंडर एकशे दहाच्या वर भरते आणि तिची ताकद आठ एचपी, हिची सत्तरच्या आसपास. मागे शॉकअप नाही, चेसिस सरळ कडक. हेडलाइट, मीटर, स्टँड काही नाही. पुढचं चाक २३ इंची आणि बारीक, मागचं १९ इंची आणि जाड. उभी गाडी अडीच-तीन सेकंदात ताशी शंभरच्या जवळ पोचते. सरळ पट्ट्यावर शंभर ते सव्वाशे, त्याच्यापुढे जायला जागाच नसते, वळण आलेलं असतं.

इंजिन बहुतेक दोनच नावांची ऐकाल, इटलीचं जीएम आणि चेकचं जावा. होय, तीच जावा. आपल्या आजोबा-काकांच्या पिढीला जावा-येझदी म्हणजे म्हैसूरच्या कारखान्यातली टू स्ट्रोक गाडी, पण तिकडे चेकमध्ये दिविशोव्ह गावात एसो नावाची कंपनी स्पीडवेच्या गाड्या बनवायची, ती १९६४ मध्ये जावात मिसळली आणि पुढे जावाच्या नावाने त्या गाड्या जगभर गेल्या. आमच्या गावात अजून एक येझदी आहे, मालकाला हे सांगितलं तेव्हापासून तो ती गाडी जरा जास्तच पुसतो.

गिअर एकच असल्यामुळे ट्रॅक बघून चेनचं चक्र बदलतात. लहान ट्रॅकला एक, मोठ्याला दुसरं, आणि दोन रेसांच्या मध्ये सुद्धा बदलतात. पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, मेकॅनिक लोकांचे हात बघण्यासारखे असतात. मी रेस सोडून अर्धा तास तिथेच उभा होतो, धंद्याची सवय.

पेट्रोल घालतात का?

नाही, मिथेनॉल. ते सिलिंडरमध्ये जाताना खूप गारवा देतं, त्यामुळे इंजिनचं कॉम्प्रेशन पेट्रोलला झेपणार नाही इतकं वर नेता येतं आणि हवेवर थंड होणारं इंजिनही तापून बसत नाही. बदल्यात पितं भरपूर, तेवढ्याच हवेला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं.

आता नीट ऐका. मिथेनॉल विष आहे. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ना, त्या दारूत हेच होतं. थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, जास्त गेलं तर माणूस. कातडीतूनही आत शिरतं म्हणून हातमोजे. आणि उजेडात याची ज्वाला जवळजवळ दिसत नाही, माणूस पेटलाय हे शेजारच्याला कळत नाही. पाण्याने विझतं हे त्यातल्या त्यात बरं. त्यामुळे कुणी म्हणालं की कुठल्यातरी केमिकलवाल्याकडून कॅन आणून आपल्या गाडीत घालून बघू, तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी बघतो.

स्टेडियममध्ये कसला तरी गोड वास येतो म्हणतात तो कसला?

एरंडेलाचा. खरंच. या इंजिनांमध्ये एरंडेलावर बनलेलं ऑइल घालायची जुनी पद्धत आहे (कॅस्ट्रॉल हे नावच त्या कॅस्टर ऑइलवरून आलंय). जळलं की एक गोडसर जाडा वास सुटतो. तिकडचे लोक डोळे मिटून तो वास घेतात, म्हणतात आमचं बालपण. मला माझं बालपण आठवलं, पण वेगळ्या कारणाने. आजी दर महिन्याला चमचाभर पाजायची.

डाव्या पायात लोखंडाचं काय असतं ते?

स्टीलचा बूट, म्हणजे बुटावर चढवायचा स्टीलचा तळवा. वळणात डावा पाय जमिनीवर टेकवून घसरत न्यायचा असतो, साधा बूट असता तर मातीत अडकून घोटा गेला असता. स्टील असल्यामुळे पाय मातीवरून सर्रकन जातो.

ग्दान्स्कला त्या वेल्डरच्या ओळखीने मी एक हातात घेऊन बघितला. प्रत्येकाच्या पायाच्या मापाने ठोकून बनवलेला, वरून चामड्याचा पट्टा. टाचेकडे आठ-दहा ठिकाणी वेल्डिंगचे थर, एकावर एक, कारण झिजला की फेकत नाहीत, वर हार्ड वेल्ड मारतात आणि परत वापरतात. अंगठ्याच्या बाजूला झिजून झिजून विळ्यासारखी धार आली होती. वेल्डर म्हणाला हे थर मीच मारलेत, आणि ते सांगताना त्याचं तोंड असं झालं होतं जसं काही त्यानेच रेस जिंकली.

पॉइंट कसे मोजतात?

पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. संपलं.

सांघिक मॅच असेल तर प्रत्येक रेसमध्ये दोन्ही टीमचे दोन-दोन. एका रेसमध्ये एकूण ६ पॉइंट, त्यामुळे ५-१ झालं की मोठा फटका, ४-२ ठीक, ३-३ म्हणजे बरोबरी. साधारण १५ रेसा म्हणजे ९० पॉइंट, ४६ झाले की जिंकलात. मजा जोडीची असते. पुढे असलेला एक जण मुद्दाम जरा बाहेरून जाऊन समोरच्या टीमच्या माणसाला अडवतो आणि मागचा जोडीदार आतून निसटतो. कबड्डी खेळलेल्या माणसाला हे लगेच कळतं, क्रिकेटवाल्याला वेळ लागतो.

एकेकट्याची स्पर्धा असेल तर १६ रायडर आणि २० रेसा, प्रत्येकाच्या वाट्याला ५. हा हिशोब मला फार आवडतो. प्रत्येक रेसमध्ये तुमच्यासमोर तिघं, पाच रेसा, पाच त्रिक पंधरा, म्हणजे तुम्ही सोडून जे पंधरा उरले त्या प्रत्येकाशी बरोबर एकदाच गाठ पडते. कागदावर मांडून बघा, पोरांना सुट्टीत बसवायला चांगलं कोडं आहे. त्यानंतर बाद फेऱ्या आणि फायनल.

हेल्मेटचे रंग का बदलतात?

लांबून ओळखता यावं म्हणून. लाल, निळा, पांढरा, पिवळा. हेल्मेटवर कापडी टोपी चढवतात. लीगमध्ये लाल आणि निळा यजमानांचे, बाकी दोन पाहुण्यांचे. रायडर तोच, पुढच्या रेसला टोपी वेगळी असू शकते, पहिल्या दिवशी माझा त्यात फार गोंधळ झाला, मी एकाच माणसाला तीन माणसं समजत होतो.

सुरुवातीला ती फीत कसली?

स्टार्टच्या रेषेवर आडव्या फिती ताणलेल्या असतात, पंच बटण दाबतो आणि त्या झपकन वर जातात. गाडी हलवायची नाही, फितीला शिवायचं नाही. फीत तोडली की त्या रेसमधून बाहेर, काही लीगमध्ये पंधरा मीटर मागून सुटायला लावतात. आणि रेसला यायला दोनच मिनिटं मिळतात, घंटा झाली की वेळ चालू, उशीर झाला तर तुमच्याशिवाय सुटते. आपल्या लग्नात असा एक माणूस ठेवायला हवा.

चार ठिकाणं असतात, आतलं ते बाहेरचं, आणि कुणाला कुठली जागा ते आधीच ठरलेलं असतं म्हणजे सगळ्यांना चांगलं-वाईट सारखं वाट्याला येतं. निम्मी रेस पहिल्या वळणापर्यंतच ठरते. चौघं एकदम त्या एका चिंचोळ्या जागेत घुसतात तिथे बघा, मोबाईल बाजूला ठेवा.

फितीवरून आठवलं, २०१५ मध्ये वॉर्साच्या मोठ्या नॅशनल स्टेडियमवर ग्रां प्री (वर्ल्ड चॅम्पियनशिपची एक फेरी) ठेवली, माणसांनी स्टेडियम भरलं, आणि स्टार्टचं यंत्रच बिघडलं, वर ट्रॅकही खराब. बारा रेसांनंतर कार्यक्रम बंद करावा लागला. एवढा खर्च आणि अडलं कशापाशी तर फितीपाशी आणि मातीपाशी.

मधेमधे ट्रॅक्टर का फिरवतात? वेळ जातो.

चार राउंडमध्ये मागची चाकं माती उकरून बाहेरच्या कुंपणाकडे फेकतात. आतला भाग गुळगुळीत आणि निसरडा होतो, बाहेर मऊ मातीचा ढीग. ती परत आत ओढून, पाणी मारून, सारखी करावी लागते. पावसाळा संपल्यावर आपण नवीन अंगण घालतो ना, माती पसरा, पाणी मारा, चोपण्याने चोपा, जरा पाणी जास्त झालं की चिखल आणि कमी झालं की धूळ, तोच प्रकार, फक्त ट्रॅक्टरने आणि दर तीन-चार रेसांनी. ट्रॅक करणारा माणूस तिकडे मानाचा असतो, यजमान टीमला कुठली माती आवडते ते त्याला पाठ असतं, आणि पाहुणे त्याच्यावर संशय घेतात. हाही खेळाचा भाग.

बघताना हे लक्षात ठेवा: सुरुवातीच्या रेसांना आतून जाणारा जिंकतो, नंतर बाहेर माती साठली की लांबून जाणाऱ्याला जास्त पकड मिळते आणि तो लांबचा रस्ता घेऊनही पुढे निघतो. हे दिसायला लागलं की समजायचं तुम्हाला स्पीडवे कळायला लागला.

बाय द वे झूझेल म्हणजे पोलिश भाषेत कोळसा जळून उरलेली खडी. पूर्वी ट्रॅक त्याचे असत, नाव तेच राहिलं. आता वीट-दगडाचा चुरा, ग्रॅनाइटची भुकटी वगैरे असते. आपला जांभा कसा चालेल यावर पुतण्याने आणि मी एक अख्खी रात्र घालवली, माझं मत असं की कोरडा असताना उत्तम आणि जूनमध्ये विसरा.

हे सुरू कुठे झालं?

मातीवरच्या रेसा आधीपासून होत्या, पण ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंड गावी १५ डिसेंबर १९२३ ला जॉनी हॉस्किन्स नावाच्या माणसाने जत्रेच्या मैदानावर विजेच्या दिव्यांखाली रेस लावली, तिथून मोजतात. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी १९२८ ला हाय बीच नावाच्या गावी (समुद्रकिनारा नव्हे) हा खेळ पोचला, बघायला अफाट गर्दी. पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९३६, वेम्बलीला, ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्रागने जिंकली. १९९५ पासून एका रात्रीच्या फायनलऐवजी वर्षभराची ग्रां प्री मालिका आहे.

कुणाची नावं माहीत असावीत?

न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर, सहा वेळा चॅम्पियन, पहिला १९६८ ला आणि शेवटचा १९७९ ला. स्वीडनचा टोनी रिकर्डसन, तोही सहा. आणि आत्ताचा पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक, २०१९, २०२०, मग २०२२ पासून सलग, २०२५ ला त्याचीही सहा झाली. त्याला बघायचं तर कुंपणाच्या कडेने जाताना बघा, चाक आणि लाकूड यांच्यात हात घालायला जागा नसते.

पडले तर काय? किती धोका आहे?

धोका आहे, खोटं कशाला सांगू. मनगटाला एक दोरी बांधलेली असते, माणूस गाडीवरून पडला की दोरी सुटून इंजिन बंद. मोठ्या ट्रॅकना वळणावर हवा भरलेलं कुंपण असतं. कुणी पडून ट्रॅकवर राहिला की पंच लाल दिवे लावून रेस थांबवतो, ज्याच्यामुळे झालं तो बाहेर, बाकीचे परत सुटतात. तरीही हाडं मोडतात, गळ्याजवळचं हाड तर नेहमीचं. आणि कधी त्याहून वाईट. ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड, काय सुंदर चालवायचा, २०१५ मध्ये पोलंडमधल्या झेलोना गुरा इथे पडला, मणक्याला मार बसला, पाय गेले, वय तेवीस. पुतण्याला मी त्याच्या चांगल्या रेसा दाखवल्या आणि मग हेही सांगितलं.

आपण बीचवर करून बघू का? वाळू तर आहे.

नाही. कारणं एकाहून एक.

ओली वाळू डांबरासारखी घट्ट असते आणि दोन हातांवर ती मऊ होते, चाक पकडणार की बुडणार ते कळत नाही. मिठाच्या पाण्याने चेन, बेअरिंग, रिम आठवड्यात खाल्ली जाते, मी आयुष्यभर गंजाशी मारामारी केली आहे, मला विचारा. भरती कुणासाठी थांबत नाही, दर मे महिन्यात कुणाची ना कुणाची गाडी पाण्यातून ट्रॅक्टरने ओढावी लागते. वेळास, आंजर्ले आणि बऱ्याच किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून कासवं अंडी घालतात, ती वाळूखाली असतात, वरून दिसत नाहीत. आणि लोक, पोरं, होड्या, जाळी. खाणीच्या वळणालाही हेच लागू, तिथे समोरून चिऱ्यांचा ट्रक येतो आणि त्याला ब्रेक असले तरी तो थांबत नाही.

कुणी म्हणेल की अलिबागकडे बैलगाड्या पळतातच की किनाऱ्यावर. पळतात, पण मैदान आखून, परवानगी काढून, आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी करून.

मग शिकायचं कुठे?

आपल्या देशात मातीवरचं म्हणजे मोटोक्रॉस, सुपरक्रॉस आणि रॅली. स्पीडवेच्या सगळ्यात जवळचा खेळ फ्लॅट ट्रॅक, तो अमेरिकेचा, तिथे मागे ब्रेक असतो पण घसरण्याची विद्या तीच. रॉयल एनफिल्डने हिमालयनच्या इंजिनावर एफटी ४११ नावाची गाडी करून बेंगळुरूकडे स्लाइड स्कूल सुरू केलं होतं, मुंबई-पुण्याची काही पोरं तिथे जाऊन आली. ट्रेनिंग कुठेही घ्या, पण बंद मैदान, शिकवणारा माणूस आणि अँब्युलन्स या तीन गोष्टी बघून घ्या. रेस करायची तर देशातली संस्था एफएमएससीआय, तिचं लायसन्स लागतं.

तिकडे पोरं लहान गाड्यांवर सुरू करतात, मग २५० सीसी, मग मोठी. एकदम ५०० वर कुणी बसवत नाही.

मुलींना येतं का?

येतं. गाडीला काय कळतं वर कोण बसलंय. भावाची मुलगी हा प्रश्न विचारून गेली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या गॅरेजमध्ये चेन काढून बसली होती.

काका, तुम्ही चालवली आहे का?

बसलोय. पिटमध्ये, इंजिन बंद, मागून दोघांनी धरलेली. हँडल एवढं रुंद की नांगर धरल्यासारखं वाटलं. उजवा पाय ठेवायला जागा सापडली, डावा कुठे ठेवायचा विचारलं तर सगळे हसायला लागले.

रेस बघायच्या कधी?

सीझन एप्रिल ते ऑक्टोबर, बहुतेक शनिवार-रविवार. तिकडे संध्याकाळी सातला सुरू झाली तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. म्हणजे आपल्या पावसाळ्यात, रात्री, नेमकी लाइट जायच्या वेळेला. मोबाईल आणि पॉवरबँक दुपारीच चार्ज करून ठेवा, आणि तिकडे पाऊस असेल तर रेस रद्द होते, मातीचा चिखल झाला की कुणी सुटत नाही. गेल्या जुलैत आम्ही पाच जण पडवीत छत्र्या निथळत ठेवून, कांदाभजी घेऊन बसलो, साडेदहा वाजले, पावणेअकरा वाजले, आणि मग मोबाईलवर दिसलं की तिकडेही धो धो पडतोय. भजी संपवली आणि झोपलो.